छापील पुस्तकं गायब झाली, पण लोकांच्या तोंडी ओव्या राहिल्या : मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणाऱ्या इंग्रज पाद्र्याची गोष्ट

दरवर्षी 27 फेब्रुवारीला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाला, व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. त्यात मराठीचं कौतुक करणाऱ्या जुन्या वळणाच्या काही ओव्या असतात. फुलांमध्ये जसा मोगरा, पक्ष्यांमध्ये जसा मोर, तशी भाषांमध्ये मराठी, अशा अर्थाच्या. खाली नाव असतं फादर स्टीफन्स.

आपण ते वाचतो, एक हार्ट टाकतो आणि पुढे सरकतो.

पण या ओव्या ज्या ग्रंथातल्या आहेत, त्या ग्रंथात असल्या थोड्याथोडक्या नाही तर जवळपास 11 हजार ओव्या आहेत. आणि त्या मराठीचं कौतुक करण्यासाठी लिहिलेल्या नाहीत. बायबलमधल्या गोष्टी लोकांना गाता याव्यात आणि गाता गाता पाठ व्हाव्यात, म्हणून त्या रचल्या गेल्या.

रचणारा माणूस इंग्रज होता. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायच्या 21 वर्षं आधी तो गोव्यात उतरला होता.

नाव थॉमस स्टीफन्स. ग्रंथाचं नाव ख्रिस्तपुराण.

इंग्लंडमधून पळ का काढावा लागला?

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात, बुश्टन नावाच्या गावी झाला. वडील व्यापारी होते.

तो काळ इंग्लंडमध्ये धर्माच्या भांडणाचा होता. राजघराण्याने रोमच्या पोपशी संबंध तोडले होते. 1558 मध्ये पहिली एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि देशाचा धर्म प्रोटेस्टंट ठरला. जुन्या कॅथलिक पद्धतीने प्रार्थना करणाऱ्यांना दंड होऊ लागला, तुरुंगवास होऊ लागला.

याच काळात इंग्लंडच्या चर्चमध्ये आणखी एक गोष्ट घडत होती. बायबलमध्ये 'स्तोत्रसंहिता' नावाचं 150 स्तोत्रांचं एक पुस्तक आहे. ही स्तोत्रं इंग्रजी छंदात बसवून, सोप्या चाली लावून सगळ्या जमावाने एकत्र गायची पद्धत तिथे रुजत होती. 1562 मध्ये या छंदोबद्ध स्तोत्रांचं पूर्ण पुस्तक छापून आलं. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्याही तोंडी बायबल जाऊ लागलं. थॉमस तेव्हा साधारण बारा-तेरा वर्षांचा होता.

पण तो या नव्या चर्चच्या बाजूचा नव्हता. तो कॅथलिक राहिला. थॉमस पाउंड नावाचे एक कॅथलिक सरदार त्याचे मित्र होते. दोघांनी मिळून देश सोडून रोमला जायचं ठरवलं. पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची पुढची अनेक वर्षं तुरुंगात गेली. स्टीफन्स निसटले.

1575 मध्ये रोममध्ये ते येशूसंघात, म्हणजे जेझुइट पंथात दाखल झाले. या पंथाचे सेंट फ्रान्सिस झेवियर 1542 मध्येच गोव्याला येऊन गेले होते. हातात घंटा घेऊन रस्त्याने फिरायचं, मुलं गोळा करायची आणि प्रार्थना गाऊन म्हणून घ्यायच्या, ही झेवियरची पद्धत होती. धर्म शिकवायचा तर तो गाण्यातून, ही गोष्ट गोव्यात अशी आधीच सुरू झालेली होती.

स्टीफन्स यांनी भारतात जायची परवानगी मागितली. ती मिळाली.

साडेसहा महिने समुद्रात

4 एप्रिल 1579 ला लिस्बनहून त्यांचं जहाज निघालं. आफ्रिकेला वळसा घालून ते 24 ऑक्टोबरला गोव्याला पोचलं. वाटेत हिरड्या सुजायच्या, अंगातली ताकद जायची. ताजं अन्न नसल्याने होणारा हा खलाशांचा जुना आजार. जहाजावर दीडशेहून जास्त लोक आजारी पडले आणि 27 जण दगावले.

गोव्यात उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलं. वारे कुठून वाहतात, होकायंत्राची सुई कशी फिरते, कोणते पक्षी आणि मासे दिसले, सगळं त्यात होतं. हे पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलं गेलं. इंग्रज वाचकांना भारताच्या सागरी वाटेची माहिती देणाऱ्या सुरुवातीच्या मजकुरांपैकी ते एक.

भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचंच नाव घेतलं जातं. ते परत कधीच गेले नाहीत. पुढची 40 वर्षं गोव्यात, त्यातही बहुतेक काळ सासष्टी तालुक्यात गेली. मडगाव आणि रायतूर म्हणजे आजचं राशोल, हा त्यांचा मुलूख.

ते आले तेव्हा गोव्यात काय चाललं होतं?

हा भाग समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही.

सासष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात येऊन तेव्हा काही दशकंच झाली होती. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं. 1567 च्या सुमारास सासष्टीतली देवळं मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा लोकांनी जुवारी नदीपलीकडे नेली. तो भाग तेव्हा आदिलशाहीत होता. आज आपण ज्या मंगेशीला आणि कवळ्याला दर्शनाला जातो, ती देवस्थानं तिथे आहेत ती यामुळे.

देवळांबरोबर पोथ्याही गेल्या. मराठी आणि कोकणी हस्तलिखितं जप्त झाली, काही नष्ट झाली. काही मात्र पाद्र्यांनी भाषा शिकण्यासाठी ठेवून घेतली आणि रोमन लिपीत उतरवून काढली. रामायण-महाभारताच्या कथा असलेली अशी हस्तलिखितं आजही पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत.

म्हणजे झालं असं की, ज्यांनी पोथ्या हिसकावल्या त्यांच्याच हाती त्या अभ्यासासाठी राहिल्या. आणि ज्यांच्या त्या होत्या, त्यांच्या घरात काहीच उरलं नाही.

जे ख्रिस्ती झाले, त्यांची अडचण वेगळीच होती. पुराण ऐकणं, कीर्तनाला जाणं, सणाला ओव्या म्हणणं हे सगळं बंद. नवा धर्म मिळाला होता, पण त्याची प्रार्थना लॅटिनमध्ये. संध्याकाळी अंगणात बसून गायचं काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

कुंकळ्ळी, जुलै 1583

स्टीफन्स यांना गोव्यात येऊन चार वर्षं होत असताना सासष्टीत मोठा भडका उडाला.

कुंकळ्ळी आणि आसपासच्या गावांनी पोर्तुगीजांना विरोध केला होता. तिथली देवळं पाडली गेली होती. जुलै 1583 मध्ये पाच जेझुइट, त्यांच्यासोबत काही माणसं घेऊन, चर्चसाठी जागा बघायला कुंकळ्ळीत गेले. गावकऱ्यांनी हल्ला केला आणि पाचही जण मारले गेले. त्यात रोदोल्फो आक्वाव्हिव्हा होते. हे तेच पाद्री, जे अकबराच्या दरबारात फत्तेपूर सिक्रीला तीन वर्षं राहून नुकतेच परतले होते.

पोर्तुगीजांनी सूडही घेतला. गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांना ठार केलं. त्यांचं स्मारक आज कुंकळ्ळीत आहे.

मारल्या गेलेल्या पाद्र्यांचे मृतदेह परत आणण्याचं काम स्टीफन्स यांच्यावर आलं. ते त्यांच्या रोजच्या ओळखीचे, एकत्र राहणारे लोक होते.

याच वर्षाच्या शेवटी त्यांचं नाव आणखी एका प्रकरणात येतं. न्यूबेरी आणि राल्फ फिच हे इंग्रज व्यापारी हेर असल्याच्या संशयावरून पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकले गेले. परक्या मुलखात आपल्या भाषेत बोलणारा एक पाद्री त्यांना भेटला आणि त्याने जामिनासाठी खटपट केली. हा पाद्री म्हणजे स्टीफन्स. फिच पुढे भारतभर फिरून इंग्लंडला परतला आणि त्याच्या हकिकतीने तिथल्या व्यापाऱ्यांचं लक्ष भारताकडे वळलं.

पाद्री भाषा शिकला

कुंकळ्ळीच्या घटनेनंतर स्टीफन्स सासष्टीतून निघून गेले नाहीत. ते भाषेत उतरले.

सासष्टीत घरात बोलली जायची ती कोकणी. पण पोथी, पुराण, कीर्तन यांची भाषा मराठी. स्टीफन्स दोन्ही शिकले. कोकणी इतकी, की त्यांनी तिचं व्याकरण लिहिलं. मराठी इतकी, की त्यांची ओवी वाचताना ज्ञानेश्वर-एकनाथांची परंपरा या माणसाच्या कानात मुरली होती हे लगेच कळतं.

ऑक्टोबर 1583 मध्ये त्यांनी भावाला एक पत्र लिहिलं. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असं त्यात नोंदवलेलं आहे. हीच गोष्ट पुढे विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात 1786 मध्ये मांडली आणि ती जगभर गाजली. स्टीफन्स यांना ती दोनशे वर्षं आधी जाणवली होती.

एका माणसाचा प्रश्न

ख्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अध्यायात ग्रंथ का लिहिला याची कथा येते.

सासष्टीतल्या एका चर्चमध्ये मुलांना धर्माचे पाठ चालले आहेत. तिथे एक नवख्रिस्ती ब्राह्मण येतो. त्याचं म्हणणं असं की, हे पाठ चांगले आहेत, पण आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला, म्हणायला, वेळ घालवायला दुसरं पुराण का देत नाही?

पाद्री हे मनावर घेतो आणि सांगायला लागतो. इथून ग्रंथ सुरू होतो.

ही कथा म्हणजे ग्रंथाची चौकट आहे. पुराणात जसा एक ऋषी सांगतो, श्रोते ऐकतात आणि मध्येच शंका विचारतात, तशीच ही रचना. पण तिच्यात त्या वेळच्या सासष्टीची खरी परिस्थिती दिसते. प्रश्न विचारणारा माणूस नव्या धर्माबद्दल तक्रार करत नाही. त्याची तक्रार रिकाम्या झालेल्या संध्याकाळीबद्दल आहे.

आणि उत्तर देणारा त्याच संस्थेचा माणूस आहे, जिने ती संध्याकाळ रिकामी केली. स्टीफन्स यांनी देवळं पाडण्याला विरोध केला, असं म्हणता येत नाही. त्यांच्या पुराणात मूर्तिपूजेवर टीकाही आहे. पण त्यांनी लोकांची गायची रीत मोडली नाही, तिच्यातच आपला मजकूर बसवला. या गोष्टीच्या दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्या लागतात.

ओवीच का निवडली?

बायबल जसंच्या तसं मराठीत आणणं हा पर्याय त्यांच्याकडे जवळजवळ नव्हताच. त्या काळी कॅथलिक चर्चने लोकभाषांतल्या बायबलवर कडक बंधनं घातली होती. मराठीत बायबलमधलं पहिलं पुस्तक छापलं गेलं ते बंगालमधल्या श्रीरामपूरला, विल्यम कॅरी यांच्याकडून, 1805 मध्ये. म्हणजे ख्रिस्तपुराणानंतर 189 वर्षांनी.

पण गोष्टी सांगायला मनाई नव्हती. आणि मराठीत मोठी गोष्ट सांगायची तर ओवीसारखं दुसरं साधन नाही.

ओवीची रचना बघा. चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक जुळतं आणि चौथा चरण छोटा असतो. तीनदा तोच नाद कानावर पडला की पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज बांधता येतो. चौथ्या छोट्या चरणावर श्वास घ्यायला जागा मिळते. मग पुढची ओवी.

अक्षरं मोजून बसवायचा जाच नसतो. त्यामुळे अब्राहम, मोझेस, जेरुसलेम अशी परकी नावंही तिच्यात सामावतात. वाद्य लागत नाही, शिकलेला गायक लागत नाही. जात्यावर बसलेली बाईसुद्धा ओवी म्हणते. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, तोही चार-पाच वेळा ऐकून ती म्हणायला लागतो.

पाठांतरासाठी याहून चांगली सोय कोणती?

ग्रंथात आहे काय?

ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिलं पुराण आणि दुसरं पुराण. मंगळूरच्या आवृत्तीप्रमाणे पहिल्यात 36 अध्याय आणि 4,296 ओव्या, दुसऱ्यात 59 अध्याय आणि 6,666 ओव्या. एकूण 10,962. अध्यायाला इथे 'अवस्वरु' म्हटलेलं आहे.

पहिल्या पुराणात बायबलच्या जुन्या कराराच्या गोष्टी येतात. सृष्टीची उत्पत्ती, आदाम आणि एवा, नोहाचा पूर, मोझेस, दावीद राजा. दुसऱ्यात नवा करार. मरियेची कथा, येशूचा जन्म, चमत्कार, क्रूसावरचा मृत्यू आणि पुनरुत्थान.

सुरुवात नमनाने होते. ज्ञानेश्वरीत जसं आधी वंदन येतं, तसंच. फक्त इथे वंदन ख्रिस्ती त्रैक्याला आहे. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द येतो. आणि त्याच पानावर बाप्तिस्म्यासारखे परके शब्दही येतात.

ऐकणाऱ्याला शब्द ओळखीचे, चाल ओळखीची, गोष्ट मात्र नवी. नवी गोष्ट लवकर पाठ व्हायला हीच कारणं पुरेशी होती.

मराठीच्या कौतुकाच्या त्या प्रसिद्ध ओव्या पहिल्याच अध्यायात आहेत. देवाची गोष्ट सांगायची तर भाषाही त्या तोलाची हवी, म्हणून स्टीफन्स आपण मराठी का निवडली ते सांगतात. फॉरवर्डमध्ये हा संदर्भ गळून पडतो.

छापायचं कोणत्या अक्षरात?

भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये गोव्यात आला होता. पण त्याच्याकडे देवनागरीचे खिळे नव्हते.

स्टीफन्स यांची इच्छा होती की पुस्तक इथल्या लिपीत निघावं. 1608 मध्ये त्यांनी रोमला आपल्या पंथाच्या प्रमुखांना पत्र लिहून हा विषय मांडला. अडचण अशी होती की युरोपातल्या लिपीला दोन डझन अक्षरांचे साचे पुरतात, तर इथे काना-मात्रा-जोडाक्षरांमुळे ती संख्या 600 वर जाते. ती कमी करून 200 पर्यंत आणता येईल, असा हिशोबही त्यांनी दिला होता.

ते काम झालं नाही. 1616 मध्ये रायतूरच्या छापखान्यात ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. तेव्हा तुकाराम महाराज लहान होते आणि शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला 14 वर्षं बाकी होती.

रविवारी आणि सणाच्या दिवशी, प्रार्थना संपली की चर्चमध्ये पुराण वाचलं जाऊ लागलं. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि हळूहळू त्याच्याबरोबर म्हणायला लागायचं. मागणी इतकी होती की 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. स्टीफन्स यांच्यानंतर काही वर्षांतच एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने सेंट पीटरच्या जीवनावर मराठीतच आणखी एक पुराण रचलं.

स्टीफन्स यांना हे सगळं बघायला मिळालं नाही. 1619 मध्ये गोव्यातच त्यांचं निधन झालं. वय साधारण 70.

प्रश्नोत्तरांच्या रूपात धर्म शिकवणारं त्यांचं कोकणी पुस्तक 1622 मध्ये आणि कोकणीचं व्याकरण 1640 मध्ये छापलं गेलं. कुठल्याही भारतीय भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण म्हणून याच पुस्तकाचा उल्लेख होतो.

मग भाषेवरच बंदी आली

27 जून 1684. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने फर्मान काढलं. गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीजमध्ये बोलायला शिकायचं.

या फर्मानाला एक पार्श्वभूमी होती. आदल्याच वर्षी संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली होती आणि पोर्तुगीज सत्ता जेमतेम वाचली होती. राज्यकर्त्यांना आता लोकांच्या भाषेचाच संशय येऊ लागला होता.

ज्या भाषेत बायबलच्या गोष्टी गायल्या जात होत्या, तीच भाषा आता गुन्ह्याच्या यादीत गेली. पुढे 1759 मध्ये पोर्तुगीज राज्यातून जेझुइटांनाही हाकलण्यात आलं.

परिणाम काय झाला? 1616, 1649 आणि 1654 या तिन्ही आवृत्त्यांमधली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

एक सोडून तीन आवृत्त्या निघालेलं पुस्तक, आणि त्याची एकही प्रत नाही.

तरीही ते वाचलं, कारण ते गायलं जात होतं

17 व्या आणि 18 व्या शतकात गोव्यातली असंख्य ख्रिस्ती कुटुंबं दक्षिणेकडे कानडा मुलखात, मंगळूरच्या बाजूला गेली. कुणी इन्क्विझिशनला कंटाळून, कुणी करांच्या ओझ्याने, कुणी दुष्काळामुळे, कुणी लढायांच्या धास्तीने.

जाताना त्यांनी पुराण नेलं. काहींच्या गाठोड्यात हाताने उतरवलेली वही होती. बाकीच्यांनी ते तोंडपाठ नेलं.

1784 मध्ये टिपू सुलतानाने मंगळूर भागातल्या हजारो ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेलं. 1799 मध्ये टिपू पडेपर्यंत ते तिथे होते. ना चर्च, ना पाद्री. त्या 15 वर्षांत लोकांना पुराणाच्या ओव्यांचा आधार होता, असं मंगळूरच्या ख्रिस्ती समाजात सांगितलं जातं.

घरी दुःखाचा प्रसंग असो किंवा उपवासाचा काळ असो, मंगळूरकडच्या घरांमध्ये पुराण म्हणायची रीत विसाव्या शतकापर्यंत चालू होती. विशेष म्हणजे ही माणसं घरात कोकणी आणि बाजारात कानडी-तुळू बोलायची. मराठी त्यांच्या रोजच्या व्यवहारात नव्हती. तरी मराठी ओव्या त्यांच्या तोंडात होत्या.

1907 मध्ये मंगळूरच्या जोसेफ सालढाणा यांनी लोकांकडची हस्तलिखितं गोळा केली, ताडून पाहिली आणि रोमन लिपीत संपूर्ण ग्रंथ छापला. अडीचशे वर्षांनी ख्रिस्तपुराण पुन्हा पुस्तक झालं.

आणि लंडनमध्ये सापडली देवनागरी प्रत

यापुढचा धागा लंडनला जातो. विल्यम मार्सडेन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने गोव्याकडची काही हस्तलिखितं मिळवली होती. ती तिथल्या ग्रंथालयात पडून होती. 1920 च्या दशकात जस्टिन ॲबट यांच्या नजरेला ती पडली. हे ॲबट म्हणजे मराठी संतांच्या चरित्रांची इंग्रजी भाषांतरं करणारे अमेरिकन मिशनरी. त्या गठ्ठ्यात ख्रिस्तपुराण होतं, चक्क देवनागरीत, आणि त्यातली भाषा जास्त संस्कृत वळणाची होती.

1956 मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केलं. 1608 मध्ये स्टीफन्स यांनी रोमला पत्र लिहून जी गोष्ट मागितली होती, ती 348 वर्षांनी झाली. पुढे 1996 मध्ये फादर कारिदाद द्रागो यांनी ते आजच्या मराठीत आणलं आणि 2009 मध्ये फादर नेल्सन फाल्काव यांनी आणखी एक देवनागरी आवृत्ती काढली.

स्टीफन्स यांची वाट मराठीत पुढेही चालू राहिली. तीनशे वर्षांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग आणि भजनंच निवडली. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केलं.

आज गोव्यात पर्वरीला कोकणी भाषेच्या संशोधनाचं एक केंद्र आहे. त्याला थॉमस स्टीफन्स यांचंच नाव दिलेलं आहे.

थोडक्यात काय?

छापखाना होता, सरकारचा आणि चर्चचा शिक्का होता, तीन आवृत्त्या होत्या. त्यातलं काहीच टिकलं नाही. टिकलं ते लोकांनी वहीत उतरवलेलं आणि तोंडाने म्हटलेलं. आणि लोकांनी ते म्हटलं, कारण ते त्यांच्या चालीत होतं.

ज्या माणसाने पाद्र्याला पुराण मागितलं, त्याचं नाव ग्रंथात राहिलेलं नाही. पण त्याची मागणी बरोबर होती. पुढच्या 27 फेब्रुवारीला तो फॉरवर्ड आला, की त्यातली एक ओवी मोठ्याने म्हणून बघा. वाचण्यासाठी ती रचलेलीच नव्हती.